फोन घेताना आधी रोख भाव, हप्त्याचं बोलणं नंतर

नाशिकमध्ये महात्मा गांधी रोडला जा, कॉलेज रोडला जा नाहीतर नाशिकरोडला, मोबाइलच्या दुकानात मॉडेल ठरलं की काउंटरवरून पुढचा प्रश्न येतो: "रोख की ईएमआय?" याला लगेच उत्तर द्यायचं नाही. "आधी रोखीत फायनल काय लावाल ते सांगा," असं म्हणायचं आणि आकडा लिहून घ्यायचा. हप्त्यानेच घ्यायचं पक्कं असलं तरीही. हप्त्याचा खरा खर्च व्याजाच्या रकान्यात सापडत नाही, तिथे बहुतेक वेळा शून्य लिहिलेलं असतं. तो सापडतो रोखीचा भाव आणि हप्त्याचा भाव यांच्या फरकात. आणि एकदा तुम्ही "ईएमआय" म्हणालात की रोखीचा भाव आपणहून कोणी सांगत नाही.

खाली जे आकडे "समजा" म्हणून दिले आहेत ते हिशोब समजावा म्हणून. तुमच्या फोनचे आकडे त्या जागी घाला, रीत तीच राहते.

कार्डावरचा "नो कॉस्ट" हप्ता

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट नसते आणि व्याजाचा भार प्रक्रिया शुल्कात लपवू नये. आज जो "नो कॉस्ट ईएमआय" मिळतो त्यातही बँक व्याज घेतेच. फक्त तेवढ्या व्याजाइतकी सूट कंपनी किंवा विक्रेता फोनच्या किमतीत आधी देतो.

समजा फोन ३०,००० रुपयांचा आहे, सहा हप्ते, बँकेचा दर वर्षाला १५ टक्के. तुम्हाला सांगितलं जातं, महिना ५,००० आणि विषय संपला. कार्डाच्या बिलात मात्र कर्ज ३०,००० चं दिसत नाही, २८,७३० चं दिसतं. वरचे १,२७० ही विक्रेत्याने दिलेली सूट आणि तेच १,२७० बँक सहा महिन्यांत व्याज म्हणून घेते. इथपर्यंत बरोबरी झाली. पण क्रेडिट कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो कोणी भरून देत नाही. १,२७० वर तो झाला २२९. बँकेचं प्रक्रिया शुल्क समजा १९९, त्यावर जीएसटी धरून २३५. म्हणजे "नो कॉस्ट" हप्त्याचा खर्च ४६४ रुपये.

हा आकडा तसा छोटा आहे. तुमचे पैसे तेवढे महिने बचत खात्यात अडीच टक्क्यांनी पडून राहिले तर त्यांवर सुमारे २२० रुपये सुटतील, म्हणजे निव्वळ तोटा अडीचशेच्या आसपास. हप्त्याची सोय म्हणून एवढे मोजायला हरकत नाही.

खरा फरक पडतो तो बँक ऑफरने. दिवाळी-दसऱ्याच्या सेलमध्ये त्याच कार्डावर "पूर्ण पैसे भरल्यास १,५०० ची तात्काळ सूट" असते आणि ती बऱ्याचदा नो कॉस्ट हप्त्याला लागू नसते, किंवा कमी लागू असते. आता रोखीचा भाव २८,५०० झाला आणि हप्त्याने तुम्ही भरता ३०,४६४. फरक १,९६४ रुपये, तोही सहा महिन्यांसाठी आणि दर महिन्याला उतरत जाणाऱ्या रकमेवर. वर्षाच्या व्याजात मांडलं तर हा दर २३ टक्क्यांच्या वर जातो. म्हणून ऑनलाइन घेताना पैसे भरायच्या पानावर दोन्ही पर्याय एकदा निवडून बघा आणि शेवटची रक्कम वाचा. वस्तूच्या पानावर मोठ्या अक्षरात छापलेली किंमत या तुलनेत कामाची नाही.

कार्डाच्या हप्त्यात आणखी तीन गोष्टी अडकवतात. पहिली, मर्यादा. ५०,००० ची लिमिट असेल तर त्यातले जवळपास २९,००० अडकतात आणि हप्ते फिटतील तसे मोकळे होतात. दवाखान्याची वेळ आली तर कार्ड तोकडं पडतं. दुसरी, त्या महिन्याच्या बिलातले फक्त "मिनिमम ड्यू" भरले तर हप्त्याचा फायदा तिथेच बुडतो. उरलेल्या रकमेवर बहुतेक कार्डांचा व्याजदर महिन्याला तीन टक्क्यांच्या पुढे असतो आणि नव्या खरेदीवरची व्याजमुक्त मुदतही जाते. तिसरी, फोन परत केला तर. विक्रेता सूट वजा करून उरलेली रक्कम परत करतो, पण प्रक्रिया शुल्क आणि तोवर लागलेलं व्याज, जीएसटी परत येईलच असं नाही. शिवाय परतावा जमा झाला म्हणून हप्ते आपोआप थांबतील असं समजू नका. बँकेला फोन करून ईएमआय रद्द करायला सांगावं लागतं, नाहीतर पुढच्या बिलात हप्ता येतच राहतो.

काउंटरवरचा फायनान्स

ज्यांच्याकडे क्रेडिट कार्ड नाही त्यांना दुकानातच फायनान्स कंपनीचा माणूस भेटतो. आधार, पॅन, बँकेचं पासबुक किंवा डेबिट कार्ड, एक सेल्फी आणि दोन-तीन ओटीपी. पंधरा-वीस मिनिटांत फोन हातात. इथे योजना "१२/४", "१०/२", "८/०" अशा भाषेत बोलल्या जातात. १२/४ म्हणजे एकूण बारा हप्ते, त्यांतले चार आजच काउंटरवर भरायचे.

समजा फोन २४,००० चा, १२/४ योजना, हप्ता २,०००. आज ८,००० भरले, उरलेले ८ हप्ते म्हणजे १६,०००. बेरीज २४,०००, म्हणजे व्याज नाही असं वाटतं. आता दोन आकडे यात घाला. तोच फोन रोखीत २३,००० ला मिळत होता, आणि काउंटरवर जीएसटी धरून ७०० रुपये "फाइल चार्ज" घेतला. म्हणजे आज तुमच्या खिशातून ८,७०० गेले. २३,००० च्या वस्तूसाठी खरी उधारी झाली १४,३०० ची, आणि तिच्यासाठी तुम्ही आठ महिन्यांत १६,००० भरणार. जादा गेले १,७००, आणि वर्षाच्या व्याजात मांडलं तर दर येतो ३० ते ३१ टक्के. "बिनव्याजी" म्हणून घेतलेल्या कर्जाचा हा दर आहे.

दुकानदार रोखीत हजार रुपये कमी का करू शकतो, हे समजून घेतलं की घासाघीस सोपी जाते. बिनव्याजी योजनेत फायनान्स कंपनी दुकानदाराला १६,००० पूर्ण देत नाही. त्यातून आपला वाटा कापून घेते. धंद्यात याला डीबीडी म्हणतात. काही मॉडेलांवर तो फोन बनवणारी कंपनी सोसते, काहींवर दुकानदाराच्या अंगावर पडतो. दुकानदाराच्या अंगावर पडत असेल तर रोखीच्या गिऱ्हाइकाला त्यातलं काही सोडायला त्याची हरकत नसते, पण ते मागावं लागतं. कंपनी सोसत असेल तर रोख आणि हप्ता यांचा भाव खरोखर एकच असू शकतो, आणि तेव्हा फाइल चार्ज सोडला तर हप्ता महाग पडत नाही. म्हणून सरळ विचारा: "या मॉडेलवर डीबीडी कोण देतंय, कंपनी की तुम्ही?" माहीतगार गिऱ्हाईक आहे हे कळलं की बोलणं वेगळं होतं.

आता त्या पंधरा मिनिटांतला सगळ्यात महत्त्वाचा क्षण, ओटीपी. सेल्समन म्हणतो, "दादा, एक ओटीपी आला असेल, सांगा." तो ओटीपी म्हणजे तुमची सही. पहिला बहुधा माहिती तपासायला, दुसरा कर्जाच्या कराराला, तिसरा खात्यातून हप्ता कापायच्या परवानगीला. प्रत्येक ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचा, त्यात कशासाठी ते लिहिलेलं असतं. "स्क्रीन प्रोटेक्शन", "एक्स्टेंडेड वॉरंटी", विमा, सभासद कार्ड अशा गोष्टी याच वेळी हप्त्यात मिसळल्या जातात. हप्ता २,००० ऐवजी २,१४० दिसला तर वरचे १४० कशाचे, हे तिथेच विचारायचं. या गोष्टी ऐच्छिक आहेत. त्या घेतल्याशिवाय कर्ज मंजूर होत नाही असं कोणी म्हटलं तर दुसऱ्या काउंटरवर जा.

ओटीपी देण्याआधी कर्जाच्या खर्चाचा गोषवारा असलेला एक कागद मागून घ्या: की फॅक्ट स्टेटमेंट, थोडक्यात केएफएस. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना तो बंधनकारक आहे, आणि कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचा आहे. मराठीत मागायला संकोच करू नका. त्यात "एपीआर" नावाची ओळ असते, म्हणजे सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर. विमा वगैरे तिसऱ्याच्या नावाने घेतलेली रक्कमही त्यात धरायची असते. त्या कागदावर नसलेला चार्ज तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीला मात्र हा नियम लागू नाही, म्हणून तिथे स्वतःच हिशोब करावा लागतो. आणि एपीआरमध्ये दुकानदाराने न दिलेली हजाराची सूट कधीच दिसणार नाही. पहिल्या परिच्छेदातला रोख भाव म्हणूनच लिहून ठेवायचा.

व्याज उघड सांगणारे लोकही भेटतात: "फक्त दीड टक्का महिना, फ्लॅट." २०,००० वर महिना दीड टक्क्याने वर्षाचं ३,६०० व्याज, हप्ता १,९६७. ऐकायला हे वर्षाला १८ टक्के वाटतं. पण मुद्दल दर महिन्याला फिटत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण २०,००० वर लावलेलं आहे. उतरत्या मुदलावर मांडलं तर दर ३१ टक्क्यांच्या वर जातो. "फ्लॅट" शब्द ऐकला की सांगितलेल्या दराची पावणेदोन पट करून बघायची, अंदाज बरोबर येतो.

तारीख चुकली की सगळा हिशोब चुकतो

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत बऱ्याच ठिकाणी पगार ७ ते १० तारखेच्या दरम्यान होतो. फायनान्सचा हप्ता अनेकदा २ किंवा ५ तारखेचा असतो. महिनाअखेरीला खातं रिकामं आणि हप्ता आधी, मग पगार, अशी गाठ पडली की हप्ता बाउन्स होतो. एका बाउन्सला फायनान्स कंपनी वेगळे पैसे लावते आणि तुमची बँक मँडेट (हप्ता कापायची परवानगी) परत गेल्याचे वेगळे. दोन्ही मिळून हजाराच्या घरात जाणं अवघड नाही, म्हणजे २,००० च्या हप्त्यावर निम्म्याने भुर्दंड. बिनव्याजी फोन एका बाउन्समध्ये महाग होतो.

कर्ज घेतानाच तारीख बदलून मागा. सगळ्या कंपन्या देत नाहीत, पण विचारल्याशिवाय कोणीच देत नाही. नाही मिळाली तर हप्त्याइतकी रक्कम त्या खात्यात कायम बाजूला ठेवा आणि त्या खात्याचं डेबिट कार्ड किंवा यूपीआय रोजच्या खर्चाला वापरू नका. "रविवार आहे, आज कापणार नाही" या भरवशावरही राहू नका. हप्ते कापणारी नाच (NACH) यंत्रणा १ ऑगस्ट २०२१ पासून सुट्टीच्या दिवशीही चालते. बाउन्स झालाच तर दंडाचा हिशोब लेखी मागा. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की दंड व्याजदरात मिसळायचा नाही आणि दंडावर पुढे व्याज चढवायचं नाही.

निफाड, दिंडोरी, चांदवडच्या शेतकऱ्यांना मासिक हप्ता मुळातच सोयीचा नाही. द्राक्षाचा पैसा साधारण जानेवारी ते एप्रिलमध्ये येतो, उन्हाळ कांद्याचा माल चाळीतून निघेल तसा. पाऊस पडून लागवडीचा खर्च सुरू होतो त्या महिन्यांत खात्यात आवक नसते आणि हप्ता मात्र ठरल्या तारखेला लागतोच. अशा घरात मालाचा पैसा आला की रोखीत फोन घेणं हाच चांगला मार्ग आहे. तोवर जुन्या फोनची बॅटरी बदलून घेतली तरी वर्षभर निघतं, खर्चही नव्या फोनच्या मानाने फारच थोडा.

हप्त्याशिवाय पैसे उभे करायच्या आपल्याकडच्या वाटाही विसरू नका. बारा जणांची २,००० ची भिशी असेल तर २४,००० एकरकमी हातात येतात, व्याज नाही, आणि फोन रोखीच्या भावात मिळतो. माणसं ओळखीची हवीत, एवढीच तिची अट. कारखान्याच्या कामगार पतसंस्थेचे सभासद असाल तर तिथला दर विचारा. समजा १२ टक्के मिळाला. वरच्याच उदाहरणात १४,३०० रुपये आठ महिन्यांसाठी घेतले तर व्याज जातं सुमारे ६५०, काउंटरवरच्या १,७०० च्या जागी.

तरीही काउंटरचा फायनान्स सरसकट वाईट आहे असं मी म्हणणार नाही. डिलिव्हरीचं काम करणाऱ्या मुलाचा फोन बंद पडला तर त्याची रोजची कमाई थांबते. दहा दिवस पैसे जमवत बसण्यापेक्षा १,७०० जादा देऊन आजच फोन घेणं त्याला परवडतं. फक्त आठ महिन्यांपेक्षा लांब योजना घेऊ नये. दोन वर्षांच्या हप्त्यात फोनची किंमत कर्जापेक्षा वेगाने उतरते, आणि फोन मध्येच फुटला किंवा हरवला तरी हप्ते चालूच राहतात.

टेलिकॉम कंपनीकडून फोन

आपल्याकडे बहुतेक कनेक्शन प्रीपेड आहेत. त्यामुळे सिम कंपनीने फोन द्यायचा आणि दोन-तीन वर्षांच्या बिलातून वसूल करायचा, ही पद्धत रुजली नाही. प्रयत्न मात्र झाले, आणि त्यांचे आकडे शिकण्यासारखे आहेत.

२०१७ चा जिओफोन १,५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या ठेवीवर होता, पण तो जिओच्या सिमवरच चालायचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेला जिओफोन नेक्स्ट ६,४९९ ला रोख मिळायचा, किंवा १,९९९ अधिक ५०१ प्रक्रिया शुल्क आज आणि उरलेलं १८ किंवा २४ महिन्यांत, रिचार्जसकट. त्यातला रोज दीड जीबी आणि अमर्याद कॉलिंगचा प्लॅन २४ महिन्यांसाठी महिना ४५० चा होता. एकूण झाले २,५०० अधिक १०,८००, म्हणजे १३,३००. फोनचे ६,४९९ वजा केले तर रिचार्जचे पडले ६,८०१. तेवढ्याच डेटाचा २८ दिवसांचा सुटा पॅक तेव्हा १९९ चा होता. दोन वर्षांत असे २६ पॅक लागतात, म्हणजे ५,१७४. उधारीची किंमत १,६०० च्या वर, तीही केवळ ४,५०० रुपयांच्या उधारीवर. पण १ डिसेंबर २०२१ पासून तो पॅक २३९ झाला आणि २६ पॅकचे ६,२१४ झाले. फरक ६०० च्या आत आला. बांधून घेतलेला दर भाववाढीत कामी येतो, हेही त्यातून दिसतं.

एअरटेलची ऑक्टोबर २०२१ ची योजना उलट्या दिशेची होती. फोन दुकानातून तुम्ही पूर्ण पैसे देऊन घ्यायचा, २४९ किंवा वरचा पॅक ३६ महिने न चुकता मारायचा, आणि ६,००० परत मिळवायचे: १८ महिन्यांनी २,००० आणि ३६ महिन्यांनी ४,०००. म्हणजे मोठा वाटा तीन वर्षांनी. मध्ये रिचार्ज चुकला की हक्क जातो. आणि २६ नोव्हेंबर २०२१ पासून तो २४९ चा पॅकच २९९ झाला. तीन वर्षांत २८ दिवसांचे ३९ पॅक लागतात, त्यांवर प्रत्येकी ५० म्हणजे १,९५० जादा. परताव्याची रक्कम कागदावर पक्की असते, रिचार्जचा दर पक्का नसतो. अशी कुठलीही योजना पुन्हा आली तर हीच ओळ आधी शोधा: दर मुदतभर बांधलेला आहे का?

रिचार्जच्या बाबतीत लोक वर्ष बारा महिन्यांचं धरून चुकतात. २८ दिवसांचा पॅक वर्षात तेरा वेळा मारावा लागतो. जुलै २०२४ च्या दरवाढीत जिओचा रोज २ जीबीचा २८ दिवसांचा पॅक ३४९ झाला, तेरा वेळा म्हणजे ४,५३७. त्याच वेळी रोज अडीच जीबीचा वार्षिक पॅक ३,५९९ होता. फरक ९३८ रुपये, तीन वर्षांत २,८००. फोनवर पाचशे कमी करायला तासभर घासाघीस करणाऱ्याने हा हिशोब नक्की करावा. फोन स्वतःचा मोकळा असेल तर नंबर पोर्ट करून स्वस्त पॅककडे जाता येतं. नव्या नेटवर्कवर ९० दिवस झाले की १९०० वर मेसेज पाठवून पुन्हा पोर्ट करता येतो.

अमेरिकेतून येणारा "फ्री" फोन

नाशिकच्या कितीतरी घरांत मुलगा, पुतणी, भाचा अमेरिकेत आहे, आणि "तिकडे आयफोन फुकट मिळतो, येताना घेऊन ये" ही फर्माईश ठरलेली. तिकडची रचना अशी: ८०० डॉलरचा फोन ३६ हप्त्यांत विकतात, हप्ता २२.२२ डॉलर, आणि तेवढीच सूट दर महिन्याच्या बिलात देतात. मध्येच कंपनी बदलली तर उरलेली सूट बंद आणि उरलेले हप्ते अंगावर. शिवाय ही सूट बहुधा महागड्या अनलिमिटेड प्लॅनवरच मिळते. असा प्लॅन स्वस्त कंपनीच्या प्लॅनपेक्षा महिना ३० डॉलरने महाग धरला तर ३६ महिन्यांत १,०८० डॉलर जादा गेले. "फ्री" फोन ८०० च्या जागी १,०८० ला पडला. चार-पाच माणसांचा फॅमिली प्लॅन असेल आणि तो तसाही घ्यायचाच असेल तर मात्र तो सौदा खरोखर चांगला ठरतो.

आपल्याला अडचण येते ती लॉकची. हप्ते फिटेपर्यंत असे फोन बहुधा त्याच कंपनीच्या सिमला बांधलेले असतात आणि इथे आल्यावर आपलं सिम घेत नाहीत. निघण्याआधी तिकडेच तपासायला सांगा: आयफोनच्या सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट, खाली "कॅरियर लॉक" समोर "नो सिम रिस्ट्रिक्शन्स" दिसायला हवं. दुसरं असं की अमेरिकेत विकले जाणारे आयफोन १४ आणि पुढचे फोन सिमच्या खाचेशिवाय येतात, फक्त ई-सिम चालतं. जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया ई-सिम देतात, पण घरातल्या आजी-आजोबांना जुन्या फोनमधलं सिम काढून यात टाकता येणार नाही, हे आधी सांगून ठेवा.

बिल आणि नंतरची कामं

मोबाइलवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे आणि तो छापील किमतीत धरलेलाच असतो. "पक्कं बिल हवं तर जीएसटी वेगळा" हे ऐकून घ्यायचं नाही. बिलावर आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) हवा, आणि तो खोक्यावरच्या आणि *#०६# दाबून दिसणाऱ्या क्रमांकाशी जुळायला हवा. इंग्रजीत केवायएम (KYM) लिहून पुढे तो क्रमांक टाकून १४४२२ ला पाठवला की फोन अस्सल नोंदीतला आहे का ते कळतं. जुना फोन विकत घेताना तर हे आधी करा, पैसे नंतर.

जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाने फोन धंद्यासाठी घेतला तर बिल आपल्या जीएसटी क्रमांकावर घ्यावं. ३०,००० च्या बिलात ४,५७६ कर असतो आणि तो इनपुट क्रेडिट म्हणून मिळू शकतो. एवढी मोठी सूट ऑफरमध्ये क्वचितच मिळते. ऑनलाइन घेताना जीएसटी क्रमांक ऑर्डरच्या आधी टाकावा लागतो, नंतर बदलून मिळणं कठीण.

एक्स्चेंजमध्ये जुना फोन देणार असाल तर त्याचा भाव वेगळा विचारा, नव्याचा वेगळा. दोन्ही एकत्र बोलले की नव्यावरची सूट कमी करून जुन्याचा भाव फुगवून दाखवता येतो आणि तुम्हाला पत्ता लागत नाही.

शेवटचा हप्ता गेला की काम संपलं असं बहुतेकजण समजतात. कंपनीच्या ॲपमधून किंवा शाखेतून एनओसी (कर्ज फिटल्याचा दाखला) घ्या, आणि खात्यावरचं मँडेट रद्द झालं का ते बँकेच्या ॲपमध्ये बघा. महिनाभराने क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही संस्थांना वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. आठ महिन्यांपूर्वी फिटलेलं २,००० च्या हप्त्याचं फोनकर्ज "चालू" दिसतं म्हणून घरकर्ज अडू शकतं, आणि ते घरकर्जाच्या काउंटरवर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. चूक दिसली तर कर्ज देणाऱ्याकडे आणि त्या संस्थेकडे दोन्हीकडे लेखी तक्रार करा, एनओसी जोडा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. कर्ज देणाऱ्याने तक्रारीला महिनाभरात उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याची माहिती १४४४८ वर फोन करून मिळते, वकील लागत नाही. दुकानदाराशी वाद असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, तिथे मराठीतून बोलता येतं. दोन्हीकडे पहिल्यांदा मागतात ती तारीख घातलेली लेखी तक्रार, बिल आणि केएफएस, म्हणून हे तीन कागद फोनच्या खोक्यातच ठेवा.